मालनचा परदेश

पांढऱ्या डगल्यातल्या डॉक्टरीणबाईनं मालनचा डावा दंड धरून उजेडाकडं वळवला आणि अंगठ्यानं कातडी ताणून पाहिली. मग उजवा दंड पाहिला. चोळीची बाही वर सरकवून खांद्यापर्यंत पाहिलं. पुन्हा डावा. तिच्या हातात मालनची लस टोचल्याची पिवळी पुस्तिका होती. पुस्तिकेतल्या निळ्या शिक्क्यावर बोट ठेवून तिनं शेजारच्या डॉक्टरला काहीतरी सांगितलं. त्यानं मालनकडं पाहिलं आणि तो दोन पावलं मागं सरकला.

मालनच्या मागं मेळ्यातल्या बाकीच्या सहा बाया रांगेत उभ्या होत्या. त्यांच्यामागं संबळवाला, तुणतुणंवाला आणि झांजवाला. देवीची गाणी म्हणत नाचणारा तामलवाडीचा हा आराधी मेळा युगोस्लाव्हियात भरलेल्या जागतिक नृत्यमहोत्सवाला आला होता. त्र्याहत्तर सालचा ऑगस्ट महिना. विमानातून उतरून तास होऊन गेला तरी कुणाला बाहेर सोडत नव्हते. विमानात मागच्या बाजूला बसलेल्या एका प्रवाशाला ताप भरला होता आणि त्याच्या अंगावर फोड दिसले होते. त्या देशात आदल्याच वर्षी देवीच्या साथीत माणसं दगावली होती. त्यामुळं त्या विमानातल्या प्रत्येकाचे दंड तपासणं चाललं होतं.

"काय मनायलेत ह्या बाई?" मालननं कल्याणप्पा गुरुजींना विचारलं.

गुरुजी गावच्या शाळेत शिकवत आणि मेळ्याचे सचिव म्हणून सगळे कागद तेच सांभाळत. त्यांना मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं. ते पुढं होऊन शिक्का दाखवत होते आणि डॉक्टरीणबाई मालनचा कोरा दंड दाखवत होती. शिक्क्यावरची तारीख महिन्याभरापूर्वीची होती. महिन्याभरापूर्वी टोचलेल्या दंडावर साधी खपलीची खूणही असू नये, हे तिला पटत नव्हतं.

गुरुजी परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"मालन, लहानपणी तुझ्या देवी काढल्यात का म्हणून मी विचारलं होतं. तू हो म्हणालीस."

"व्हय मनले. न्हाय मनले असते तर तुमी मला ठिवून आला असता."

ते खरंच होतं. मालनची आई आराधीण. गावात देवीची लस टोचणारा आला, की ती पोरीला कणगीत बसवून वर गोणपाट टाकायची. देवी आपल्या घरची, तिच्यावर सुई कशाला, असं तिचं म्हणणं. पुढं परदेशाचं ठरलं आणि मेळ्याला टोचून घ्यायला धाराशिवला बोलावलं, तेव्हा दुष्काळी कामं अजून बंद झाली नव्हती. मालन पाझर तलावावर खडी फोडत होती. एक दिवस खाडा झाला तर हजेरीतून नाव जाईल, म्हणून ती गेली नाही. बाकीच्यांच्या दंडावर लहानपणीचे वण होते. गुरुजींनी दहा पुस्तिकांच्या गठ्ठ्यात तिचीही सारली आणि ओळखीच्या माणसाकडून शिक्का मारून घेतला. त्यात आपण काही मोठं वाईट करतोय असं दोघांनाही वाटलं नव्हतं.

दोन माणसं आली. त्यांच्या तोंडाला फडकी बांधलेली होती. त्यांनी मालनला बाजूच्या दाराकडं चलायची खूण केली.

"तिला एकटीला कुठं न्यायलेत?" उमाबाई रांगेतून बाहेर आली. ती मेळ्यातली सगळ्यांत थोरली, विधवा बाई. नाचात मालन पुढं असायची आणि उमाबाई कायम तिच्या उजव्या हाताला. "म्या जाते हिच्या संगं. हिला इथलं कायबी कळत न्हाय."

"तुला तरी काय कळतं?" गुरुजी म्हणाले. "चौदा दिवस ठेवतात म्हणे. कुणाला जवळ जाऊ देत नाहीत."

मालननं मागं वळून पाहिलं. सगळ्या जणी तिच्याकडं बघत होत्या, पण एकमेकींना धरून उभ्या होत्या. मग दार लागलं.

शहराबाहेर झाडीत एक बसकी इमारत होती. तिथल्या शेवटच्या खोलीत मालनला ठेवलं. लोखंडी पलंग, पांढऱ्या भिंती आणि एकच खिडकी. खिडकीला दोन काचा होत्या, एकीमागं एक, आणि दोन्ही न उघडणाऱ्या. जेवण भिंतीतल्या एका कप्प्यातून यायचं. बाहेरचं झाकण लागलं की मगच आतलं उघडायचं. पहिल्याच दिवशी तिचं लुगडं, चोळी आणि गळ्यातली कवड्यांची माळ काढून घेतली. माळ तिनं दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. ती देवीची माळ होती, लग्नाच्या आधीपासून गळ्यात होती आणि अंघोळीलाही उतरत नव्हती. नर्सनं एकेक बोट हळूहळू सोडवलं. तिला घोट्यापर्यंत येणारा एक झगा दिला. मग दंडावर लस टोचली.

पाचव्या दिवशी दंड सुजून टम्म झाला, ताप चढला. ती फणफणत पडून राहिली. तापात तिला वाटायचं, आपण कणगीतच आहोत आणि आई गोणपाट काढायला विसरली आहे. नर्स वयस्कर होती. तोंड फडक्यात झाकलेलं, नुसते डोळे दिसत. ती येऊन कपाळावर हात ठेवायची, काहीतरी बोलायची. मालन मराठीतून उत्तर द्यायची. दोघींनाही एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं, तरी नर्स निघाली की मालनला वाटायचं, हिनं अजून थोडं बोलावं.

ताप उतरला त्या दिवशी खिडकीबाहेर गुरुजी आले. त्यांच्या मागं उमाबाई होती. हिरवं लुगडं, कपाळभर मळवट, गळ्यात माळ, हातात परडी, असा पूर्ण साज करून ती आली होती. मालन धावत काचेपाशी गेली.

गुरुजी बोलत होते, पण दोन काचांतून शब्द येत नव्हते. त्यांनी हातवारे केले. आज संध्याकाळी. नाच. त्यांनी उमाबाईला खांद्याला धरून पुढं केलं आणि एक बोट वर केलं. म्हणजे आज मालनच्या जागी पुढं उमाबाई.

उमाबाईनं परडी खाली ठेवली. तिनं दोन पावलं टाकून दाखवली, थांबली, आणि मालनकडं बघून हात उडवला. पुढं काय, असं ती विचारत होती. पेटता पोत हातात घेऊन फिरायची जी चाल होती ती मालनची स्वतःची होती. ती कुणाला शिकवायची वेळच आली नव्हती.

मालनला तिच्या अंगावरचं लुगडं दिसत होतं. स्वतःच्या अंगावरचा झगा दिसत होता. उमाबाईनं पुन्हा दोन पावलं टाकली आणि पुन्हा विचारलं.

मालननं पाठ फिरवली.

ती भिंतीकडं तोंड करून पलंगावर बसली. काचेवर टकटक झाली. बऱ्याच वेळानं तिनं वळून पाहिलं तेव्हा बाहेर कुणी नव्हतं. गवतावर कुंकवाचा थोडा सडा पडला होता.

त्या संध्याकाळी तिनं अंदाज बांधून पाहिला, आता नाच सुरू झाला असेल, आता पोत पेटला असेल. तिथं दिवस लई उशिरा मावळायचा, त्यामुळं काही ताळमेळ लागेना. तिनं उभं राहून बघितलं. संबळ नाही, कुणाचा आवाज नाही. पाय उचलले नाहीत.

विमानातल्या त्या माणसाला देवी नव्हत्याच, कांजिण्या होत्या, हे नंतर आठ दिवसांनी कळलं. पण नियम तो नियम. पंधराव्या दिवशी सकाळी तिला तिचे कपडे आणि माळ परत मिळाली. माळेला औषधाचा वास येत होता. वयस्कर नर्सनं पहिल्यांदाच तोंडावरचं फडकं खाली केलं आणि हसली. तिचे पुढचे दोन दात पडलेले होते. मालननं तिच्या पायाला हात लावला, तर ती घाबरून मागं झाली. दवाखान्यातून मालनला थेट विमानतळावर नेलं. परदेश तिनं जो काय पाहिला तो त्या गाडीच्या काचेतून. अर्धा तास.

विमानात गुरुजी तिच्या शेजारी येऊन बसले.

"मालन," ते म्हणाले, "पहिला नंबर आला नाही, पण पेपरात नाव आलं आपलं. सगळं चांगलं झालं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तो शिक्का मी मारून घेतला होता. हे बाहेर आलं तर माझी नोकरी जाईल. कदाचित खटलाही होईल. मी बाकीच्यांशी बोललोय, कुणी बोलणार नाही. तू मेळ्याबरोबर होतीस आणि तू नाचलीस, एवढंच."

"आन उमाअक्का?"

"तिनंच आधी हो म्हटलं."

आणि गुरुजींनी हात जोडले. ज्यांच्यासमोर अख्खं गाव उठून उभं राहायचं, तो माणूस तिच्यासमोर हात जोडून बसला होता. मालनला तेच सहन झालं नाही. ती घाईनं म्हणाली, "बरं बरं, न्हाय सांगत म्या. हात खाली करा."

धाराशिवला मेळ्याचं स्वागत मोठं झालं. नानासाहेब तालुक्याच्या नव्या दूध संघाचे अध्यक्ष होते. मेळा परदेशी धाडण्यात त्यांची खटपट होती, आणि संघाच्या उद्घाटनाच्या सभेतच त्यांनी सत्कार ठेवला. जायच्या आधी काढलेला फोटो वर्तमानपत्रात छापून आला होता. त्यात मालन मधोमध, हातात पोत घेऊन. उमाबाई कडेला, अर्धी कापलेली. नानासाहेबांनी हार मालनच्या गळ्यात घातला आणि म्हणाले, "दुष्काळात खडी फोडणाऱ्या आमच्या या भगिनीनं सातासमुद्रापार पाय थिरकवले." त्याच सभेत त्यांनी तिच्या नवऱ्याला, ज्ञानोबाला, संघात शिपायाची जागा जाहीर केली.

गावाकडं परतताना एस.टी.त तिनं ज्ञानोबाला खरं सांगितलं. तो खिडकीबाहेर बघत ऐकत होता. पडीक रानं मागं जात होती.

"आणि कुणाला बोललीस?"

"न्हाय."

"मग नको बोलू." तो म्हणाला. "आता तेच आपलं घर हाय बघ. ती नोकरी."

त्यानं वाईट मनानं सांगितलं नव्हतं. दोन वर्षं त्या दोघांनी दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी खाऊन काढली होती.

त्यानंतर मालनला बोलावणी येऊ लागली. शाळेच्या गॅदरिंगला, संघाच्या वार्षिक सभेला, तालुक्याच्या महिला मेळाव्याला. प्रत्येक ठिकाणी सांगावं लागायचं, परदेशात कसं होतं. सुरुवातीला ती दोन वाक्यांत आटपायची. लोक हिरमुसायचे. मग मेळ्यातल्या बायांच्या बोलण्यातून जे कानावर पडलेलं होतं ते ती जोडू लागली. मोठा मांडव, लाकडी फळ्यांचं स्टेज, रंगीत दिवे, गोरे लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. हळूहळू तिला सांगायची हातोटी आली. कुठं थांबलं की लोक पुढं सरकून बसतात, हे कळायला लागलं. घरी आली की ती तोंड धुवायची आणि भाकरीला बसायची. ज्ञानोबा कधी काही विचारायचा नाही.

नाच मात्र सुटला. नवरात्रात मेळा तुळजापूरला निघायचा, पण पाय दुखतो, पाठ दुखते म्हणून ती मागं राहायची. बाया म्हणायच्या, "परदेशात नाचून आलीय ती. आता इथल्या मातीत कशाला नाचंल?" ती ऐकून घ्यायची. सांगण्यासारखं काहीच तिच्या हातात नव्हतं.

एकदा शाळेत ती बोलत होती. समोर पोरं, कडेनं गावातल्या बाया. बोलता बोलता मालन म्हणाली, "फळ्यांवर पाय असे वाजत हुते, की माझं मलाच संबळ ऐकू येईना." हे वाक्य उमाबाईचं होतं. विमानातून येताना ती दुसरीला सांगत असताना मालननं ऐकलं होतं. बोलून गेल्यावर तिचं लक्ष गेलं, भिंतीला टेकून उमाबाई बसली होती. उमाबाई उठली, पदर सावरला आणि फाटकातून बाहेर गेली. पुढच्याच महिन्यात ती येडशीला भावाकडं राहायला गेली. मेळाही तिनं सोडला.

मालनच्या मनात कितीदा आलं, येडशीला जावं. पण जाऊन काय बोलायचं? गुरुजींना शब्द दिलेला. ज्ञानोबाची नोकरी अजून कायम झालेली नव्हती. पुढं पोरगी झाली, मग पोरगा. पोरगी शाळेत सांगायची, माझी आई परदेशात नाचलीय. मालन चुलीपुढं बसून ते ऐकायची. तिला वाटायचं, कुणीतरी येऊन आपल्याला यातून काढावं. पण कुणाला ठाऊकच नव्हतं, की ती कशात आहे.

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात कल्याणप्पा गुरुजी वारले. निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. मालन मातीला गेली. बाया रडत होत्या, तीही रडली. घरी येताना तिच्या लक्षात आलं, की ज्याच्यासाठी गप्प राहायचं तो माणूस आता नाही. ज्ञानोबा नोकरीत कायम होऊनही तीन वर्षं झाली होती. ह्या विचारानं तिचीच तिला लाज वाटली, पण विचार काही गेला नाही.

ऑक्टोबरात दूध संघाला बारा वर्षं झाली म्हणून धाराशिवला तपपूर्तीचा कार्यक्रम होता. सकाळची वेळ, मोठा मांडव, गावोगावचे सभासद. संघाच्या पहिल्या दिवसापासूनची माणसं म्हणून काही जणांचा सत्कार होता, त्यात मालनचं नाव. ज्ञानोबा खाकी कपड्यांत स्टेजवरच्या पाहुण्यांना पाणी देत होता. नानासाहेब थकले होते, पण आवाज तसाच खणखणीत होता. त्यांनी तिला शाल पांघरली आणि म्हणाले, "आता मालनबाई आपल्याला परदेशातल्या त्या नाचाची हकिकत सांगतील."

मालन माईकपाशी गेली. समोर हजारभर माणसं.

"म्या तिथं नाचले न्हाय," ती म्हणाली.

तिनं माईक दोन्ही हातांनी धरला.

"मला दवाखान्यात कोंडलं हुतं. चौदा दिस. म्या एक पाऊलबी टाकलं न्हाय. नाचली ती उमाबाई. आमच्या गावची, आता येडशीला असती ती. बारा वरसं म्या तिचं सांगत आले. तुमी जे मला मनता ते समदं तिचं हाय."

तिला वाटलं होतं, आता कुणीतरी ओरडेल, हसेल, नाहीतर खाली बसवेल. तसं काही झालं नाही. मग नानासाहेब खुर्चीतून उठले, तिच्या शेजारी आले आणि त्यांनी माईक आपल्याकडं ओढला.

"ऐकलंत?" त्यांचे डोळे भरून आले होते. "आजारी पडली, दवाखान्यात गेली, तरी मेळा घेऊन उभी राहिली. आणि आज मान मिळतोय तर म्हणते, माझं काही नाही, माझ्या जोडीदारणीचं आहे. मंडळी, सहकार सहकार म्हणजे आणखी काय असतं?"

टाळ्या सुरू झाल्या. पुढच्या रांगेतले पाहुणे उभे राहिले, मग मागचे. "तसं न्हाय," मालन म्हणाली, "खरंच न्हाय," पण माईक तिच्यापाशी नव्हता. स्टेजवर एकटा ज्ञानोबा टाळ्या वाजवत नव्हता. त्याच्या दोन्ही हातांत पाण्याच्या पेल्यांचं तबक होतं. तो तिच्याकडं बघत होता. मग त्यानं मान खाली घातली आणि तबक पुढच्या पाहुण्यासमोर धरलं.

नानासाहेबांना खरं माहीत होतं का, हे तिला त्या दिवशीही कळलं नाही आणि पुढंही कधी कळलं नाही.

जेवणं सुरू झाली तशी ती मांडवातून निघाली. एस.टी. स्टँडवर गावाकडं नेणारी तुळजापूरची गाडी लागलेली होती. मालन त्या गाडीपुढून गेली आणि येडशीच्या गाडीत बसली.

उमाबाई येडशीच्या स्टेशनवर सीताफळं विकते, एवढं मालनच्या कानावर होतं. रामलिंगाच्या डोंगरातली सीताफळं टोपलीत घेऊन ती छोट्या रेल्वेच्या वेळेला फलाटावर बसायची. मालन पोचली तेव्हा दुपारची गाडी नुकतीच गेली होती. फलाटावर कुणी नव्हतं. टोकाला लिंबाखाली उमाबाई टोपलीवर फडकं झाकत होती. केस सगळे पिकले होते.

"कोण ती? मालन?"

"व्हय अक्का."

"बस." तिनं जरासं सरकून घेतलं. आश्चर्य वाटल्याचं तिनं दाखवलं नाही. "लेकरं बरी हायती का?"

"बरी हायती."

दोघी रुळांकडं बघत बसल्या. मग मालन म्हणाली, "आज सांगितलं म्या. समद्यांम्होरं. तू नाचलीस मनून."

उमाबाईनं तिच्याकडं पाहिलं. "मग?"

"टाळ्या वाजविल्या."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठीच."

उमाबाईच्या तोंडून एक आवाज निघाला. मालनला आधी वाटलं ती रडतेय, पण ती हसत होती. पोटाला हात लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मालनलाही हसू आलं, आणि मग ते थांबलं.

"अक्का, त्या दिशी म्या पाठ फिरवली."

"व्हय. फिरवलीस."

"मला दाव की तू कसं नाचलीस ते."

"आता? गुडघं बघ माझं. चवड्यावर बसता येत न्हाय मला."

"येतंय तेवढं दाव."

उमाबाई लिंबाच्या बुंध्याला धरून उठली. तिनं ओचा खोचला, फलाटाच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि इकडंतिकडं पाहिलं.

"हे रूळ मनजी लोकं," ती म्हणाली. "हितं, ह्या कडंला दिवं हुतं. लई मोठं. डोळ्यात यायचं. म्होरचं कायबी दिसत नव्हतं."

"म्या सांगत आले, लोकं उभी राहून बघत हुती मनून."

"आसतील. मला न्हाय दिसली."

मालननं टाळी धरली. उमाबाईनं पाऊल उचललं. सुरुवातीला ती पाय घसटत होती, मग गुडघे जरा मोकळे झाले. मालनच्या ओळखीचा तो नाच नव्हता. मालन जिथं झपकन फिरायची, तिथं उमाबाई थांबत होती, जड पावलानं अर्धं वळून जणू कुणाची वाट बघत होती, आणि मग सावकाश पुरं वळत होती. तिला ते कुणी शिकवलं नव्हतं. हातात पोत नव्हता, तरी मूठ वळलेली होती आणि ज्योत अंगापासून लांब धरावी तसा हात ताठ होता. जिथं दम लागला तिथं ती नुसतं चालत तोंडानं सांगायची, "हितं बसले हुते म्या, हितनं उठले, हितं संबळ थांबला," आणि पुन्हा पाऊल धरायची. मालन टाळी वाजवत होती आणि एकटक बघत होती. बारा वर्षं जे ती लोकांना सांगत आली होती, त्यातलं ह्यात काहीच नव्हतं. हे त्याहून कितीतरी चांगलं होतं.

"बास," उमाबाई थांबली. "सात मिनटं दिली हुती. एवढंच." ती येऊन टोपलीपाशी टेकली. धाप लागली होती. मालननं तिला पाणी दिलं. ती प्याली, तोंड पुसलं आणि जरा वेळ डोळे मिटून बसली.

"माझं झालं," मग ती म्हणाली. "तुझं काय झालं? तू पाठ फिरवलीस तितवर मला ठावं हाय. त्या खोलीत काय काय केलंस गं तू एवढं दिस?"

बारा वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. मालननं तोंड उघडलं, पण सुरुवात कुठून करायची ते तिला सुचेना. इतर वेळी शब्द आपोआप यायचे.

"खोली लई गार हुती," ती म्हणाली, आणि थांबली. तिचा आवाज तिलाच वेगळा वाटला.

तेवढ्यात फलाटावर एक माणूस आला. त्यानं टोपलीवरचं फडकं उचलून सीताफळाचा भाव विचारला. उमाबाईनं त्याच्याकडं न बघताच हात वर करून त्याला थांबवलं.